सिलिंडर एक असू द्या, रेग्युलेटर नको

गॅसच्या रबरी नळीबद्दल मागे लिहिलं तेव्हा वाटलं होतं, गॅसच्या जोडणीबद्दल आता वर्षभर तरी लिहावं लागणार नाही. पण या आठवड्यात लंडनच्या आमच्या पिनरमधल्याच एका मराठी कुटुंबाच्या गराजमध्ये जे पाहिलं, त्यानंतर गप्प राहवत नाही. चांदीकामाची टॉर्च, लहान भट्टी आणि थंडीसाठी गॅस हीटर अशी तिन्ही साधनं एकाच लाल प्रोपेन सिलिंडरवर जोडलेली. रेग्युलेटर एकच. पुढे नळीला पितळी टी (तीन तोंडांचा जोड), त्या टीला आणखी एक टी. वर उत्तर ठरलेलं: ‘इतकी वर्षं चाललंय, काही झालं का?’

सिलिंडर सामायिक असायला माझी हरकत नाही. रेग्युलेटर सामायिक असायला आहे. ब्रिटनमधल्या प्रोपेन हीटरला गॅस लागतो ३७ मिलिबार दाबाचा. टॉर्चला आणि भट्टीला एखाद-दोन बार. एक बार म्हणजे हीटरच्या दाबाच्या २७ पट! म्हणजे टॉर्चसाठी रेग्युलेटर उघडला की त्याच नळीवरच्या हीटरमध्ये त्याला न पेलणारा गॅस घुसणार. टॉर्चला ऑक्सिजन जोडलेला असेल तर धोका आणखी वाढतो. ऑक्सिजनचा दाब जास्त असतो. नोझल तुंबलं की तो प्रोपेनच्या नळीत उलटा शिरतो आणि टीमधून शेजारच्या साधनापर्यंत पोचतो.

अशा वेळी मला रोनन पॉइंट आठवतो. १६ मे १९६८ ची पहाट, पूर्व लंडनमधलं कॅनिंग टाउन. बावीस मजली नवीकोरी इमारत, लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झालेले. अठराव्या मजल्यावर एका बाईंनी चहासाठी काडी ओढली आणि साठलेल्या गॅसचा स्फोट झाला. बाहेरच्या भिंती उडाल्या, वरचे मजले खाली आले आणि त्यांच्या भाराने इमारतीचा तो कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. त्या बाई वाचल्या. चौकशीत निघालं काय, तर शेगडीची नळी जोडणारा पितळी नट. हलक्या प्रतीचा, आणि तुटलेला.

स्थापत्याचे विद्यार्थी ही घटना भिंतींच्या सांध्यांसाठी शिकतात. मला तिच्यात दोन्ही सांधे दिसतात, भिंतीचा आणि गॅसचा. एक नट तुटला हा अपघात. पण एका घरातल्या स्फोटाने खालच्या-वरच्या सगळ्या घरांचा कोपरा जावा, ही रचनेची चूक. म्हणून ब्रिटनने इमारतींचे नियम बदलले: एक भाग निकामी झाला तरी बाकीची इमारत उभी राहिली पाहिजे. सामायिक सिलिंडरला नेमका हाच नियम लावा. प्रत्येक फाट्याला स्वतःचा बंद करायचा कॉक, स्वतःचा रेग्युलेटर, आणि ऑक्सिजन असेल तिथे उलटा प्रवाह व ज्योत दोन्ही अडवणारा अरेस्टर. एकाचं बिघडलं तरी दुसऱ्यापर्यंत जाता कामा नये. शिवाय रोनन पॉइंटचा जुना गॅस हवेपेक्षा हलका होता. प्रोपेन हवेच्या दीडपट जड. तो जमिनीलगत पसरतो, गटारात उतरतो, आणि हवेत दोन टक्क्यांच्या वर गेला की ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडर गराजच्या बाहेर, उभा, गटाराच्या तोंडापासून दूर.

आता माझं जुनं दुखणं. आपण जुगाडाचं फार कौतुक करतो. पिनरच्या मेमोरियल पार्कमध्ये व्यंगचित्रकार हीथ रॉबिन्सनचं संग्रहालय आहे. दोऱ्या, गाठी आणि कप्प्यांवर चालणारी त्याची यंत्रं मला मनापासून आवडतात. ती कागदावर आहेत म्हणूनच. गॅसच्या नळीवर जुगाड करणाऱ्याला हुशार म्हणणं आपण थांबवलं, तर निम्मे अपघात टळतील असं माझं ठाम मत आहे. आकडा माझ्याकडे नाही, मत मात्र बदलणार नाही.

सामायिक सिलिंडरची आणखी एक अडचण: दोन ज्योती एकदम पेटवल्या की सिलिंडरवर दव आणि मग बर्फ धरतो, ज्योत मंदावते. द्रव प्रोपेनला वायू व्हायला उष्णता लागते आणि लहान सिलिंडर ती बाहेरून तेवढ्या वेगाने घेऊ शकत नाही. त्यावर गरम पाणी ओतणं किंवा टॉर्च फिरवणं हा उपाय नव्हे. मोठा सिलिंडर घ्या.

हे पिनरपुरतं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत चांदीचं काम घराघरांत चालतं, मुंबईच्या काळबादेवीत सोन्याचं काम जुन्या इमारतींच्या माळ्यांवर. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरायला भारतात २००० सालच्या सरकारी आदेशाने बंदी आहे. व्यवसायासाठी १९ किलोचा मिळतो. बंदी दंडासाठी आहे असं कारागिरांना वाटतं. घरगुती रेग्युलेटर शेगडीसाठी घडवलेला असतो, टॉर्चसाठी नव्हे, हे त्यांना कुणी समजावून सांगत नाही. ते काम सराफांच्या संघटनांनी करायला हवं.

तुमच्या गराजमध्ये टी असेल तर आज सिलिंडर बंद करा. नारिंगी नळीवरची तारीख वाचा. डाव्या आट्यांच्या जोडाला टेप गुंडाळली असेल तर काढून टाका, तो जोड टेपने नव्हे तर नीट बसल्याने बंद होतो. मग प्रत्येक साधनाचा रेग्युलेटर वेगळा करून घ्या आणि साबणाच्या पाण्याने प्रत्येक सांधा तपासूनच काडी ओढा.