गाळातल्या एकूण पाऱ्याचे काय करायचे?

पाऱ्याचा अहवाल हातात पडला की आपण सगळेच आधी एकूण पाऱ्याचा रकाना पाहतो. आकडा उतरला असेल तर फाइल बंद. अमेरिकेतील टेनेसी राज्यात ईस्ट फोर्क पॉप्लर क्रीक नावाचा ओढा आहे. त्याची हकिकत आपल्या या सवयीला अडचणीची आहे. ओक रिजच्या वाय-१२ कारखान्यात १९५०च्या दशकात लिथियमची समस्थानिके वेगळी करायला प्रचंड पारा वापरला गेला आणि त्यातला बराच या ओढ्यात उतरला. पुढे गळती आवरली, पाण्यातला पारा बराच घटला. माशांतला पारा मात्र त्या प्रमाणात घटला नाही.

माशांच्या अंगात साठतो तो मुख्यतः मिथिल पारा, आणि तो तयार करतात प्राणवायू नसलेल्या गाळातले जीवाणू. गाळात हे घडते, असे स्वीडनच्या संशोधकांनी १९६९ मध्ये दाखवले. १९८५ मध्ये सल्फेट-क्षपण करणाऱ्या जीवाणूंकडे बोट गेले. पुढे लोह-क्षपण करणारे आणि मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीवही यादीत आले. ओक रिजच्याच प्रयोगशाळेतील चमूने २०१३ मध्ये एचजीसीए आणि एचजीसीबी ही जनुके ओळखली. यांतले एक जरी काढून टाकले तरी मिथिलीकरण थांबते, जीवाणू मात्र जगतो. मग तो हा उद्योग करतो तरी कशाला? याचे पटणारे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

उलट दिशेचे कामही जीवाणूच करतात. मेर नावाच्या जनुकांचे एक विकर मिथिल पाऱ्याचा बंध तोडते, दुसरे सुट्या झालेल्या पाऱ्याला धातुरूप देते आणि तो हवेत उडून जातो. पण ही जनुके कामाला लागतात ती पारा भरपूर असेल तेव्हा. त्यामुळे अतिदूषित जागी मिथिल पाऱ्याचा वाटा कमी आणि प्रवाहात खाली, मध्यम दूषित पट्ट्यात तो जास्त, असे आढळते. सल्फेटचेही तसेच. कमी असेल तर जीवाणू उपाशी. फार असेल तर त्यातून होणारे सल्फाइड पाऱ्याला बांधून ठेवते.

आपल्याकडे उल्हास नदीच्या मुखाकडील गाळात क्लोर-अल्कली उद्योगांचा पारा साठल्याची नोंद आहे. तिथे भरतीबरोबर सल्फेट येते, शहरांच्या सांडपाण्यातून सेंद्रिय कार्बन येतो. मिथिलीकरणाला लागणारे सगळे हाताशी आहे, सल्फाइडचा अडसरही आहे. यातले कोण वरचढ ठरते, हे बसल्या जागी सांगता येणार नाही, मोजावेच लागेल.

म्हणून आमचे म्हणणे असे, की गाळ उपसण्याच्या निविदेत एकूण पाऱ्याबरोबर मिथिल पारा, सल्फाइड आणि सेंद्रिय कार्बन यांची मोजणी उपशाआधी आणि नंतरही सक्तीची हवी. उपसताना खालचा गाळ ढवळून पारा पुन्हा जीवाणूंच्या पुढ्यात येऊ शकतो. नमुन्याचा हवेशी संबंध टाळावा लागेल, तो थंड ठेवावा लागेल. उन्हात तापलेल्या गाडीतून आलेली अर्धी भरलेली बाटली प्रयोगशाळेने सरळ परत पाठवावी.