माशांची साक्ष

पाणी निर्मळ आहे कीं नाहीं हें ठरवितांना आपण डोळे व नाक यांवर विसंबतों. परंतु ह्या दोन साक्षीदारांस पाण्यांत राहावें लागत नाहीं. मासा अहोरात्र त्यांतच श्वास घेतो आणि त्यांतच वाढलेलें खातो. म्हणून पाण्याविषयीं खरी साक्ष माशाची, असें आमचें मत आहे.

कायद्यानेंहि ती मानिली आहे. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांत अशी एक कसोटी आहे कीं, दुसरें पाणी न मिसळलेल्या सांडपाण्यांत मासे ठेविले असतां ९६ तासांनंतर त्यांपैकीं ९० टक्के जिवंत राहिले पाहिजेत.

फुटाळा, गांधीसागर अशा आपल्या तलावांच्या कांठीं मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या वार्ता आपण वाचितों, आणि "ऊन फार झालें" म्हणून पुढें जातों. हें अगदींच खोटें नव्हे. तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो. परंतु सांडपाणी व निर्माल्य कुजविणारे जंतु उरलेला वायुहि ओढून घेतात, रात्रीं शेवाळ त्यांत वांटेकरी होतें, आणि पहाटे मासे गुदमरतात. उन्हास दोष दिला म्हणजे आपला दोष फिटत नाहीं.

शिवाय मरण ही फार उशिराची साक्ष होय. पारा अंगांत भिनलेला मासा पोहतो, जाळ्यांत येतो व ताटांतहि येतो. जपानांतील मिनामाता येथें कारखान्यानें समुद्रांत सोडलेला पारा माशांत सांठला. ते खाणारीं मांजरें व माणसें व्याधिग्रस्त झालीं. त्या रोगाची अधिकृत नोंद १९५६ सालीं झाली.

आपली नागनदी शहराचें सांडपाणी घेऊन कन्हानकडे जाते, कन्हान वैनगंगेस मिळते, आणि तें पाणी गोसीखुर्दच्या जलाशयांत सांठतें. तेथें ढीवर बांधव मासे धरून पोट भरतात. आपल्या मोरींतून गेलेलें त्यांच्या जाळ्यांत येतें. म्हणून तलावांतील व त्या जलाशयांतील जिवंत माशांचें मांस, कल्ले व यकृत नियमानें तपासावें, आणि निष्कर्ष सोप्या मराठींत मासळीबाजारांत लावावा, अशी आमची मागणी आहे. १९५८ पासून ज्या नगरांत पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, तेथें हें अशक्य कसें म्हणावें?

विद्यार्थ्यांनो, पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकतांना दिसले, तर तारीख व वेळ वहींत टिपा आणि वडीलधाऱ्यांस लागलीच सांगा. साक्षीदार जिवंत आहे तोंवरच त्याचें ऐकावें.