मुंबई-रत्नागिरी विमानाने 48 मिनिटे? इंटरनेटवरचा हा आकडा येतो कुठून?

रत्नागिरी : ‘मुंबई ते रत्नागिरी विमानाने किती वेळ’ असे मोबाईलवर शोधले की काही संकेतस्थळे झटकन पाऊण तासाच्या आसपासचा आकडा दाखवतात. प्रत्यक्षात या मार्गावर नियमित प्रवासी विमानसेवा अजून सुरूच झालेली नाही. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दल वापरते. प्रवासी टर्मिनलचे काम हाती घेतले असले, तरी तिकीट काढून बसावे असे विमान नाही.

मग न उडणाऱ्या विमानाचा वेळ निघतो कसा?

दोन ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून सरळ रेषेतले हवाई अंतर काढले जाते. मुंबई विमानतळ ते रत्नागिरी ते साधारण 235 किमी भरते. त्याला जेट विमानाच्या ताशी 800 किमी वेगाने भागायचे, म्हणजे 18 मिनिटे. टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास त्यात मिळवायचा. झाली 48 मिनिटे! विमान कोणते, सेवा आहे का, हे या सूत्राला ठाऊकच नसते.

इतक्या कमी अंतरावर सहसा एटीआरसारखी पंख्याची विमाने उडतात. त्यांचा वेग ताशी 500 किमीच्या आसपास. शिवाय मुंबईत धावपट्टीसाठी थांबणे, उतरण्यासाठी घिरट्या हे आलेच. शेजारचे उदाहरण बोलके आहे. 9 ऑक्टोबर 2021 रोजी मुंबई-सिंधुदुर्ग (चिपी) सेवा सुरू झाली. हवाई अंतर सुमारे 350 किमी. सूत्रानुसार 56 मिनिटे. वेळापत्रकात मात्र जवळपास दीड तास धरला होता. ही सेवा 2024 मध्ये बंद पडली.

रेल्वेने काय?

रेल्वेमार्ग ठाणे, पनवेल, रोहा असा वळसा घेत साडेतीनशे किमीच्या घरात जातो. तरीही जून 2023 मध्ये सुरू झालेली वंदे भारत बिगर-पावसाळी वेळापत्रकात सीएसएमटीहून पहाटे 5.25 ला सुटून 9.45 ला रत्नागिरीत पोहोचते. 4 तास 20 मिनिटे. उद्या विमान सुरू झाले, तर विमानतळावर तासभर आधी पोहोचणे, तासाभराचे उड्डाण, बाहेर पडणे आणि दोन्ही टोकांचा रस्ता धरून तीन-साडेतीन तास होतील. फायदा आहे, पण तासाभराचा. डोंबिवली-कल्याणच्या चाकरमान्याला तर तोही मिळेल का, शंकाच आहे. त्याला ठाण्यात गाडी पकडता येते.

विमानाची खरी गरज पावसाळ्यात. तेव्हा कोकण रेल्वेचा वेग कमी केला जातो, वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस धावते आणि महामार्गाची रडकथा सर्वांना पाठ आहे. मात्र नेमके तेव्हाच ढग खाली उतरतात, दृश्यमानता घटते आणि उड्डाणे रद्द होण्याची शक्यता वाढते. गणपतीच्या गर्दीलाही एटीआरची सत्तरेक आसने पुरणार नाहीत. आठ डब्यांच्या वंदे भारतमध्येच 530 आहेत.

तोवर, घाईत ‘जवळचे विमानतळ’ म्हणून कोल्हापूर निवडणाऱ्यांनी आधी आंबा घाटातले तीनेक तास मोजावेत. तिथून मुंबईचे विमान तासाभराचे असले, तरी एकूण प्रवास सहा तासांवर जातो.