फावल्या वेळचे उद्योग : वडिलोपार्जित आगबोट

घरांत वडिलोपार्जित अशी एखादी मोडकी वस्तु असली म्हणजे तिचें काय करावें, असा प्रश्न या सदराच्या वाचकांकडून वरचेवर येत असतो. कोणाकडे आजोबांचें खिशांतलें घड्याळ असतें, कोणाकडे पणजीचा तांब्याचा बंब, तर कोणाकडे भाता फाटलेली बाजाची पेटी. वस्तु टाकवत नाहीं, वापरतां येत नाहीं, आणि माळ्यावर ठेवली तरी मनांतून जात नाहीं. या वेळीं मी माझ्याच घरची हकीकत सांगणार आहें. कारण या उद्योगांत मी एक मोठी चूक करतां करतां वांचलों, आणि ती वाचकांच्या हातून होऊं नये अशी इच्छा आहे.

माझ्या वांट्यास आलेली वस्तु म्हणजे वाफेवर चालणारी एक खेळण्यांतली आगबोट. लांबी २२ इंच. बोटीचें अंग लाकडाचें; वरचें फळीचें झाकण उचललें कीं आंत पितळेचा लांबट बॉयलर, त्याच्याखालीं स्पिरिटचा दिवा आणि शेजारीं अंगठ्याएवढें एंजिन. माझे आजोबा शिक्षणासाठीं विलायतेस गेले होते. १९३० सालीं परत येतांना त्यांनीं ती बरोबर आणली. अशा बोटी त्या काळीं तिकडे पुष्कळ बनत. नॉर्थहॅम्प्टन येथील बॅसेट-लोक, नॉर्फोक परगण्यांतील डेरहॅम गांवचा बोमन आणि जर्मनींत न्यूरेंबर्ग येथील बिंग हीं नांवें त्या धंद्यांत प्रसिद्ध होतीं. लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमधील तळ्यावर वाफेच्या लहान बोटी सोडणाऱ्या हौशी लोकांनीं १९०४ सालीं आपलें एक मंडळच काढलें, आणि तें अद्यापि चालू आहे. आमची बोट कोणत्या कारखान्याची, हें दाखविणारी पट्टी मात्र केव्हांच गळून पडली आहे.

हें वेड केवळ साहेबाचेंच होतें असें नाहीं. मुंबईचे अर्देशिर करसेटजी वाडिया यांनीं १८३३ सालींच ‘इंडस’ नांवाची वाफेची छोटी बोट पाण्यांत सोडली होती. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें, आणि तो मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. आपल्या भाषेनेंहि या नव्या वाहनास ‘आगबोट’ असें नेमकें नांव दिलें. आग आणि पाणी यांची जोडी बिघडली तर काय होतें, हें त्या नांवांतच सुचविलेलें आहे. पण तें मला फार उशिरां उमगलें.

माझ्या लहानपणीं ही बोट कपाटाच्या सर्वांत वरच्या खणांत असे. तिला हात लावल्याबद्दल मीं वडिलांच्या हातचा एकदांच मार खाल्ला. पण तो आज साठ वर्षें लक्षांत आहे. वडील एरवीं हात उगारणारे नव्हते. म्हणूनच त्या बोटीचा मोह त्यांस माझ्याहून अधिक आहे, अशी माझी बालबुद्धीची समजूत झाली, आणि खरें सांगावयाचें तर ती पुढेंहि कधीं पुसली गेली नाहीं. वडिलांच्या पश्चात् बोट माझ्याकडे आली. नातवास ती चालवून दाखवावी, असें मीं ठरविलें.

अशा कामांत पहिली गोष्ट हत्यार उचलण्याची नसून टिपण करण्याची आहे. वस्तूचीं चारी बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं; प्रत्येक स्क्रू निराळ्या डबींत घालून वर चिठ्ठी लावावी. जो भाग गंजून धरलेला असेल त्यावर जोर करूं नये. तो तीन-चार दिवस रॉकेलांत बुडवून ठेवावा, बहुधा आपोआप सुटतो. बॉयलरमध्यें सांचलेले क्षार सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणानें निघतात. परंतु पितळ त्यांत फार वेळ ठेवल्यास धातूंतील जस्त खाल्लें जातें, हें विसरूं नये. जुन्या रंगांत शिसें असण्याचा फार संभव असतो, म्हणून तो कोरडा घासूं नये. बॉयलरभोंवतीं किंवा सांध्यांत पांढुरकी दोरी अथवा पुठ्ठा दिसला तर तो ॲस्बेस्टॉसचा असूं शकतो. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. तें काम जाणत्यावर सोंपवावें. लहान मुलांस या अवस्थेंत जवळ घेऊं नये, हें निराळें सांगावयास नकोच.

एंजिनाची रचना मात्र मुलांस अवश्य समजावून द्यावी. ती फार सोपी आणि फार चतुर असते. मोठ्या आगबोटींत वाफ आंत घेण्यासाठीं व बाहेर सोडण्यासाठीं निराळ्या झडपा असत. येथें नळकांडेंच एका खुंटीवर झुलतें. तें एका बाजूस कललें कीं त्याच्या पाठीवरचें भोंक बॉयलरकडून येणाऱ्या वाटेसमोर येतें आणि वाफ आंत शिरून दट्ट्यास ढकलते. दुसऱ्या बाजूस कललें कीं तेंच भोंक बाहेरच्या वाटेसमोर येतें आणि वापरलेली वाफ निघून जाते. नळकांड्याची पाठ आणि तिच्यासमोरची पट्टी एकमेकींस चिकटून राहाव्या म्हणून एक स्प्रिंग असते. या दोन पृष्ठभागांवर कानस कधींहि चालवूं नये. एक ओरखडा पडला तरी वाफ तेथून निसटते आणि एंजिन नुसतें फुसफुसत राहतें. आमच्या बोटीचें एंजिन रॉकेल व थोडें तेल एवढ्यावरच मोकळें झालें. बोटानें चक्र फिरवितांच दट्ट्या आंतबाहेर जाऊं लागला, तेव्हां मला झालेला आनंद वयास शोभण्यासारखा नव्हता!

राहिला बॉयलर. त्याची पहिली परीक्षा वाफेनें कधींहि करूं नये. थंड पाण्यानें करावी. पाण्याची वाफ झाली कीं ती मोकळेपणीं १६०० पटींहून अधिक जागा व्यापते. कोंडलेली वाफ सांधा फुटतांच उसळून बाहेर पडते. पाणी दाबलें तरी फारसें आकसत नाहीं, म्हणून पाण्यानें कांठोकांठ भरलेला बॉयलर फुटला तर पाणी गळतें, तुकडे उडत नाहींत. अशा लहान बोटींत दर चौरस इंचास १० ते १५ पौंडांचा दाब पुरतो. परीक्षेंत त्याच्या दुपटीपर्यंत जावयाचें असतें. मी एका ओळखीच्या यंत्रकारागिराकडे गेलों. पंप सुरू झाला, आणि कांटा १० वर पोंचण्यापूर्वींच मागच्या झाकणाच्या कडेनें थेंब लोंबूं लागले.

घरीं येऊन मीं ती कड पुसली. इतर सर्व सांध्यांचें डाखकाम रेघ आंखल्यासारखें नेटकें होतें. या एका ठिकाणीं मात्र कथलाचा ओबडधोबड लपका बसला होता. इतक्या सुबक वस्तूवर असलें काम करणारा माणूस कोण, असा माझ्या मनांत तिरस्कारच आला. तो लपका खरवडून काढावा, नवा डाख द्यावा आणि सगळा बॉयलर घांसून लखलखीत करावा, असा बेत करून मीं कानस हातांत घेतली. मग वाटलें, रंगाचें काम त्याबरोबरच उरकावें. म्हणून बोटीच्या कडेचा मूळ पट्टा कोणत्या रंगाचा होता तें आत्यास विचारण्यासाठीं मी तिच्याकडे गेलों. आत्या माझ्या वडिलांहून चार वर्षांनीं धाकटी. तिला नुकतेंच त्र्याण्णवावें वर्ष लागलें आहे.

पट्टा तांबडा होता, असें तिनें सांगितलें. मग थोडें थांबून विचारलें, “मागच्या बाजूचें कल्हईवाल्याचें काम अजून तसेंच आहे कां रे?”

ती गोष्ट तिनें मला सांगितली ती अशी. १९४० सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत आजोबा कचेरींत गेलेले असतांना वडिलांनीं बोट खालीं काढली आणि वाड्याच्या हौदांत सोडली. वडील बारा वर्षांचे, आत्या आठांची. अशा बोटीचा दिवा मुद्दामच लहान केलेला असतो; बॉयलरमधलें पाणी संपण्यापूर्वीं त्यांतलें स्पिरिट संपावें, अशी त्यांतली योजना. दिवा विझला तेव्हां बोटीनें हौदाला चार फेरे घातले होते. पाणी घातल्यावांचून दिवा लावावयाचा नाहीं, असें बहिणीस बजावून वडील तांब्या आणण्यास आंत गेले. “मला वाटलें, दादा येईपर्यंत आपण निदान स्पिरिट तरी घालून ठेवावें,” आत्या म्हणाली. दिवा तापलेला; वात धुगधुगत असावी. बाटली कलती करतांच भडका उडाला. वडील धांवत आले. त्यांनीं तिच्या हातची बाटली हिसकावून घेतली, ओला पंचा बोटीवर टाकला आणि जाळ विझविला. तेवढ्यांत जवळजवळ कोरडा पडलेला बॉयलर तापून त्याचा एक सांधा वितळला होता. पाणी आहे तोंवर धातु पाण्याहून फारशी तापत नाहीं. पाणी सरलें कीं तिला आवरणारें कोणी उरत नाहीं.

वडिलांच्या डाव्या तळहातावर एक मोठा वण होता. तो लहानपणीं स्टोव्हनें भाजल्याचा, असें आम्हांस सांगण्यांत आलें होतें. आजीसहि त्यांनीं तेंच सांगितलें होतें. दुसऱ्या दिवशीं आळींत कल्हईवाला आला, तेव्हां खाऊचे सांठविलेले पैसे देऊन वडिलांनीं त्याच्याकडून तो सांधा बुजवून घेतला. त्या बापड्यानें भांड्यास लावतात तसा नवसागर लावला आणि कथील फिरविलें. दिवाळींत आजोबांनीं बोट पेटविली तों कडेनें वाफ गळूं लागली. “जुनी झाली आतां,” असें म्हणून त्यांनीं ती कपाटांत ठेवली. वडील कांहीं बोलले नाहींत. पुढें सारा जन्म बोलले नाहींत.

“माझें नांव त्यानें कधीं घेतलें नाहीं रे,” आत्या म्हणाली. “तुला त्यानें मारलें, तेंहि मला कळलें होतें. मला त्या दिवशीं जेवण गेलें नाहीं.”

वाचकहो, मी घरीं आलों आणि कानस पेटींत ठेवून दिली. ज्या लपक्यास मी ओंगळ म्हणत होतों, त्या एकाच जागीं माझ्या वडिलांचें बालपण शिल्लक राहिलें होतें. तो मी खरवडला असता तर मला आयुष्यांत मिळालेल्या त्या एका माराचा अर्थ कधींच कळला नसता.

परंतु भावनेच्या भरांत तोच बॉयलर पुन्हां पेटविणें हाहि वेडेपणाच झाला असता. म्हणून मीं तिसरा मार्ग धरला. कसबा पेठेंतील तांबट आळींत एका कारागिराकडून तांब्याचीं दोन झाकणें घडवून घेतलीं. त्याच मापाचा नवा बॉयलर तयार करवून त्याचे सांधे रुप्याच्या डाखानें जोडविले. कथील २३२ अंश सेंटिग्रेडला वितळतें; रुप्याच्या डाखास ६०० हून अधिक अंश लागतात. सुरक्षा-झडप नवी बसविली. थंड पाण्याची परीक्षा ३० पौंडांपर्यंत निर्वेध पार पडली. जुना बॉयलर काजळीसह, लपक्यासह, काचेच्या पेटींत ठेवला आहे. सोबत आत्याची हकीकत सालासह लिहून ठेवली आहे. बोटीच्या रंगासहि मीं हात लावला नाहीं. नुसता ओल्या फडक्यानें पुसून घेतला. तांबडा पट्टा अर्धा उडालेला आहे तो तसाच आहे.

गेल्या कार्तिकांत आत्याच्या सोसायटीच्या आवारांतील हौदांत आम्ही बोट सोडली. आत्यास चाकाच्या खुर्चींतून खालीं आणलें होतें. माझ्या नातवानें काडेपेटी मागतांच ती खणखणीत आवाजांत म्हणाली, “आधीं पाणी. मग दिवा. आणि विझलेला दिवा गार झाल्यावांचून भरायचा नाहीं!” तिनें त्याच्याकडून तें तीनदां म्हणवून घेतलें, आणि मगच काडी ओढूं दिली. बोट फट्‌फट् करीत निघाली. हौदाला तिनें पांच फेरे घातले आणि दिवा विझला. आत्यानें हात पुढें केला, म्हणून मीं बोट पुसून तिच्या मांडीवर ठेवली. बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं.

तेव्हां वाचकांस माझें सांगणें इतकेंच आहे. जुनी वस्तु दुरुस्त करण्यापूर्वीं तिच्यावरचा प्रत्येक डाग कोणाच्या हातचा, हें घरांतल्या वडीलधाऱ्या माणसांस विचारून घ्यावें; आणि तें सांगणारीं माणसें आहेत तोंवर विचारावें. जें जिवास धोक्याचें असेल तें निःशंकपणें बदलावें. जें केवळ दृष्टीस खुपतें तें बदलण्याची घाई करूं नये.

पुढील अंकीं बाजाच्या पेटीचा फाटलेला भाता घरच्या घरीं कसा बदलावा, तें पाहूं.