बुडीत मजुरीचा प्रश्न

कचारगडची गुहा माघ पौर्णिमेच्या गोंड यात्रेमुळे सर्वश्रुत आहे. त्याच डोंगराखालच्या मजूर स्त्रीला दिवस भरण्यापूर्वी जुळी झाली तर काय घडते, हे मात्र कोणी विचारीत नाही. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांपूर्वीच जन्मतात. वजन १८०० ग्रॅमहून कमी भरले की गोंदियाच्या नवजात कक्षात आठवडेच्या आठवडे काढावे लागतात. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार उपचार विनामूल्य आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच कार्यक्रमात आईला जेवण किती दिवस? साध्या बाळंतपणात ३, शस्त्रक्रियेनंतर ७! पुढे तिने खायचे काय? नवराबायको दोघांचीही मजुरी बुडते आणि सावकाराचे दार तेवढे उघडे राहते. संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रीला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. हिला पहिल्या खेपेस जुळी झाली तरी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपयेच. कुपोषित बालकासोबत पोषण पुनर्वसन केंद्रात राहणाऱ्या मातेस बुडीत मजुरी देण्याचे तत्त्व शासनाने स्वीकारलेले आहे. मग बालक कुपोषित होईपर्यंत थांबायचे कशाला? बाळे घरी जाईपर्यंत प्रत्येक दिवसाचे जेवण आणि मजुरी नवजात कक्षाबाहेर बसलेल्या आईलाही मिळाली पाहिजे.