पुश रॉड : जुळवणीचा की मूळचा?

मोटारसायकलींच्या सुट्या भागांचा व्यापार करणाऱ्या आपल्या बंधूंपुढे एक प्रश्न वारंवार येतो. ग्राहक विचारतो, “शेटजी, जुळवता येणारा पुश रॉड घ्यावा, की कंपनीचा मूळचाच?” पुष्कळ ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर किमतीकडे पाहून दिले जाते : जो महाग तो उत्तम. हे उत्तर यंत्राच्या दृष्टीने चुकीचे आहे आणि आपल्या व्यापारधर्मासही शोभणारे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुश रॉडचे काम साधे आहे. खाली फिरणारा कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुश रॉडला वर ढकलतो, आणि रॉड रॉकरच्या द्वारे व्हॉल्व्ह उघडतो. या दांडीची लांबी किंचित चुकली तरी व्हॉल्व्ह नीट बसत नाही अथवा पुरता उघडत नाही.

1955 साली मद्रास येथे एनफील्ड इंडियाची स्थापना झाली आणि बुलेट आपल्या देशात रुजली. येथे चार इमलीच्या वस्तीतही जुन्या बुलेटचा ठोका अजून कानी पडतो. त्या बिडाच्या इंजिनात रॉडच्या खालच्या टोकास जुळवणीची सोय कारखान्यानेच दिलेली आहे. इंजिन थंड असताना, दाबाच्या फेरीत पिस्टन सर्वांत वर आणावा. रॉड बोटांनी सहज फिरावा, परंतु वर-खाली हलू नये, इतपत स्क्रू जुळवून चेकनट आवळावा. ही विद्या प्रत्येक जुन्या मिस्त्रीस अवगत आहे. अशा गाडीस जुळवणीचा रॉड हाच मूळचा रॉड होय.

2009 च्या सुमारास आलेल्या नव्या बुलेट-क्लासिकच्या इंजिनाची गोष्ट निराळी. त्यात हायड्रॉलिक टॅपेट असून तेलाच्या दाबाने ते ढिलाई आपोआप भरून काढतात. म्हणून रॉड ठरावीक लांबीचा असतो. तेथे ‘अधिक चांगला’ म्हणून जुळवणीचा रॉड घालणे म्हणजे निरोगी माणसास औषध देणे होय. रॉड प्रमाणाबाहेर लांब केला तर टॅपेट तळाला टेकून व्हॉल्व्ह उघडा राहतो, दाब जातो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याची भीती असते. चेकनट सैल झाला तर हानी याहून मोठी. 2020 साली आलेल्या मीटिअर 350 मध्ये तर कॅमच वर गेला आणि पुश रॉड उरलाच नाही.

मग अशा इंजिनास जुळवणीच्या रॉडचा उपयोग कधीच नाही काय? आहे. कॅम बदलला, हेड वा सिलिंडर घासून घेतला, अथवा गॅस्केटची जाडी बदलली, तर मूळ लांबी जुळेनाशी होते. हार्ले-डेव्हिडसनचे शौकीन कॅम बदलताना असेच रॉड वापरतात. ते आखूड करून आत बसविता येत असल्याने रॉकरचा डबा उघडावा लागत नाही. परंतु तेथेही टॅपेटमधील तेल उतरेपर्यंत थांबून जुळवणी करणारा कसबी हात हवा.

यास्तव विक्रीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत : गाडी कोणत्या सालची? टॅपेट साधे की हायड्रॉलिक? इंजिनात काही फेरफार केला आहे काय? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे ‘हायड्रॉलिक’ आणि ‘नाही’ अशी आली, तर मूळचाच रॉड द्यावा, नफा कमी झाला तरी चालेल.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताच्या अतिचारांमध्ये ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे खऱ्याच्या जागी खोटे खपविणे, हा दोष सांगितला आहे. नकली डब्यातील माल तर त्यात येतोच. पण अनावश्यक वस्तू आवश्यक म्हणून गळ्यात बांधणे हेही त्याचेच भावंड नव्हे काय? वाटेत बंद पडलेल्या गाडीपाशी उभा असलेला ग्राहक मिस्त्रीस दोष देईल; परंतु ती वस्तू कोणत्या दुकानातून आणली, हे तो विसरत नाही. पेढीची पत अशाच लहान वस्तूंवर उभी असते.

— एक सभासद, चार इमली, भोपाळ