जस्त उसाला आणि लेकरांना



माती परीक्षणात जस्त कमी आले की आपण एकरी आठ किलो झिंक सल्फेट शेणखतात मुरवून लागणीला देतो. आपल्या ओझर भागातल्या चुनखडीच्या काळ्या रानात जस्त असूनही पिकाच्या मुळाला लागत नाही, हे आता पोरासोरांनाही पाठ आहे. पण त्या पोरांच्या अंगात जस्त पुरेसे आहे काय, हे कोणी विचारीत नाही. आमचे म्हणणे त्याविषयी आहे.

भाताचा खैरा रोग हा रोग नसून जस्ताची उपासमार आहे, हे पंतनगरच्या डॉ. य. ल. नेने यांनी 1966 साली दाखवून दिले. माणसाची गोष्टही त्याच सुमाराची. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद 1961 च्या आसपास इराणात असताना त्यांना वाढ खुंटलेले, सारा आहार रोटीवर असलेले तरुण आढळले. पुढे इजिप्तमधल्या तशाच रुग्णांत त्यांनी जस्ताची कमतरता सिद्ध केली.

आता हे जस्त अंगात करते काय? रोगाशी लढणाऱ्या पेशी हाडांच्या मगजात जन्मतात. त्यातल्या काही छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत जातात आणि तिथे तयार होतात. आपले कोण, परके कोण, हे त्या तिथेच शिकतात. तालीमच म्हणा ना. या ग्रंथीचे थायम्युलिन नावाचे संप्रेरक जस्त जोडले गेले तरच काम करते. जस्त कमी पडले की थायमस आकसते, लढवय्या पेशींची भरती घटते, मगजातले उत्पादनही मंदावते. शरीरात जस्ताची कोठी नसते. रोजच्या जेवणातूनच ते यावे लागते. मोठा माणूस काही दिवस निभावून नेतो. वाढीच्या वयातले लेकरू जुलाबात असलेलेही गमावते, आणि मग एक दुखणे संपते न संपते तोच दुसरे.

म्हणून मोठ्यांनी गोळ्यांच्या मागे लागावे असे मात्र नव्हे. 2020-21 च्या कोरोनात ज्याच्या त्याच्या खिशात जस्ताची गोळी होती. आम्हाला ते पटले नाही. जस्त फार झाले तर शरीरातले तांबे घटते आणि प्रतिकारशक्ती उलट खालावते. (गोणीतले झिंक सल्फेट हे खत आहे, औषध नव्हे, हेही सांगून ठेवलेले बरे.) घरच्यासाठी बाजरीच बघा. राहुरी विद्यापीठाने 2012 साली महाराष्ट्रासाठी दिलेल्या 'धनशक्ती' बाजरीत लोह आणि जस्त दोन्ही चांगले आहे. पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस 4028 हा बन्सी गहूही तसाच. शिवाय धान्यातला जो घटक जस्त अडवून धरतो, तो भिजवून मोड आणल्याने कमी होतो. आपल्या आयाबाया मटकीला मोड आणीत होत्या, त्यात हाही फायदा होता.

खरा प्रश्न कोप्यांवरचा आहे. गळिताला नांदगाव-चाळीसगावकडून टोळ्या येतात. पाणी मिळेल तसले, लेकरे उसाच्या फडात. जुलाब लागले की मीठ-साखरेचे पाणी दिले जाते, जस्ताची गोळी मात्र राहून जाते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2004 सालीच दोन्ही बरोबर द्यायला सांगितले आहे: सहा महिन्यांवरील बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला 10, आणि आपल्याकडे दिवस चौदा. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळी थांबवायची नाही. इथेच बहुतेकांचे चुकते.

उसाला जस्त पुरविण्यासाठी शेतकी खाते वेळापत्रक छापते. पाणीवापर संस्था काढून वाघाडच्या पाण्याचा हिशोब ठेवणाऱ्या ओझरकरांना चौदा गोळ्यांचा हिशोब जड नाही. आमच्या मते संचालक मंडळाने मोळी टाकण्यापूर्वीच आरोग्य केंद्राशी बोलून घ्यावे, आणि प्रत्येक मुकादमाकडे क्षारसंजीवनीची पाकिटे व जस्ताच्या गोळ्या हंगामभर राहतील अशी सोय करावी. कोणत्या कोपीतल्या लेकराचा कितवा दिवस चालू आहे, ते चिटबॉयच्या वहीत टनाशेजारी एका रकान्यात मावेल.